गादीमागची बैठक

या, असं जवळ येऊन बसा. दाराशी उभं राहून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खुशाल खुर्ची ओढून घ्यावी. इथं त्याबद्दल कुणी काही म्हणणार नाही. गोष्ट कीर्तनाच्या घरातली आहे, पण गोड नाही. कीर्तनावर जीव असलेल्या माणसानं कीर्तनाच्या घरातलं कडू सांगावं की पोटात ठेवावं, असा प्रश्न पडतो खरा. पण देवाला सगळं दिसतंच, मग तुमच्यापासून काय लपवायचं? हरीचं नाव घेऊ आणि सुरू करू.

शहरातल्या गारखेडा भागात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कालिंदी टाकळकर राहते. वय बावन्न. अंगानं सडसडीत, केस अजून काळे, बोलणं हळू. पण गेली काही वर्षं तिला जिन्यावर बघणाऱ्याला ती सत्तरीची वाटायची. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन, एकेका पायरीवर थांबत ती उतरायची. दुधाची पिशवी आणायची तरी आधी मनातल्या मनात जिना उतरून बघायची, आणि मग ठरवायची की आज चहा कोराच बरा.

तिचा नवरा मुकुंदबुवा. वैजापूरच्या तहसील कचेरीत कारकुनी केली, मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली आणि सगळा वेळ कीर्तनाला दिला. खोटं कशाला बोला, माणूस गायचा फार गोड. चैत्रातला उत्सव असो नाहीतर दासनवमी, टाकळकरबुवांचं आख्यान आहे म्हटलं की बायका संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच उरकून यायच्या. त्यातही मथुरेतल्या त्या कुबड्या दासीचं आख्यान बुवांनीच सांगावं. कृष्ण तिच्या पावलांवर आपलं पाऊल ठेवतो, हनुवटीखाली दोन बोटं धरतो, आणि जन्माची वाकलेली बाई सरळ उभी राहते. इथं बुवांचा गळा दाटायचा. शब्द थांबायचा. आणि त्या थांबलेल्या शब्दाखाली पेटीचा एकच सूर, नुसता षड्ज, भरून राहायचा. ना तान, ना मुरकी. सभेत डोळ्याला पदर लागले नाहीत असं कधी झालं नाही.

तो सूर कालिंदीचा.

नारदीय कीर्तनाची रीत बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी सांगून ठेवलेली बरी. प्रवचन बसून होतं, कीर्तन उभ्यानं. कीर्तनकार जिथं उभा राहतो ती नारदाची गादी. एकदा त्या जागी उभा राहिला की तो कुणाचा मुलगा नाही, कुणाचा नवरा नाही. शेवटी आरती झाली की वडीलधारी माणसंसुद्धा त्याच्या पायांवर डोकं ठेवतात. पाया पडायचं ते माणसाच्या नाही, गादीच्या. त्या गादीच्या मागं एका अंगाला पेटी, एका अंगाला तबला, दोघांची बैठक खाली, सतरंजीवर. साथीदारांनी पहिला नमस्कार करायचा आणि मग सभेनं. रीत सुंदर आहे, यात शंका नाही. ज्यानं कुणी घातली असेल, त्याच्या मनात गुडघे नव्हते एवढंच.

कालिंदी पेटी शिकली माहेरी, लासूर स्टेशनला. वडील शाळामास्तर, त्यांना भजनाचा नाद. लग्नानंतर बुवांचा पेटीवाला पुण्याला निघून गेला, तेव्हा बुवा म्हणाले, दुसरा मिळेपर्यंत दोन-चार कीर्तनं तू धर. दुसरा कुणी शोधलाच नाही. पोर मांडीवरची होती तेव्हा तिला शेजारी निजवून कालिंदीनं साथ केली, सासूबाई गेल्या त्या महिन्यात केली, तापात केली. अडीच-अडीच तास मांडी मोडायची नाही, कारण बुवा कधी बोलता बोलता पदावर जातील त्याचा नेम नाही. ती त्यांची पाठ वाचायची. उजवा खांदा वर गेला की वरचा षड्ज, मान खाली गेली की आता गद्य, आणि दोन्ही खांदे सैल पडले की गळा दाटणार, तिचा सूर भरायची वेळ झाली. पंचवीसेक वर्षांत तिनं कीर्तनात नवऱ्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. पाठ मात्र तिच्याइतकी कुणाला पाठ नव्हती.

गुडघे दुखायला लागले तेव्हा आधी तेल झालं, मग लेप, मग पट्टे. शेवटी मुलगी स्वरदा तिला ओढत जालना रोडवरच्या एका हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. स्वरदा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला, सासर जवळच, आणि स्वभाव आजोबांवर गेलेला, म्हणजे एकदा धरलं की सोडायचं नाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन हाडांच्या मधे जी फट दिसायला हवी ती उरलेलीच नव्हती. ते म्हणाले, वय तसं लहान आहे, एरवी मी साठीपर्यंत थांबा म्हणतो, कारण बसवलेला सांधाही झिजतो आणि म्हातारपणी पुन्हा करायची वेळ येऊ शकते. पण तुमचं थांबण्यासारखं राहिलेलं नाही. घाई नाही, विचार करा. उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं, अगदी सहज. ऑपरेशननंतर चालाल, जिने चढाल, पण जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, गुडघे टेकणं, हे सोडून द्यायचं.

घरी येताना रिक्षात स्वरदा आनंदानं बोलत होती आणि कालिंदी बाहेर बघत होती. तिला कापाकापीची भीती नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर एक सतरंजी होती, आणि त्या सतरंजीवर आपण नाही.

तिनं तोड काढली. गुलमंडीवर वाद्यांच्या दुकानात तिनं पेटीचा स्टँड पाहिला होता. पेटी त्यावर ठेवायची, मागं एक साधं स्टूल. शहरात कितीतरी ठिकाणी गाणारे-वाजवणारे असे बसतात. रात्रीच्या जेवणानंतर बुवा सुपारी कातरत बसले होते, तेव्हा तिनं विषय काढला. बुवांनी नीट ऐकून घेतलं. ते कधी आवाज चढवायचे नाहीत.

"गादीमागं स्टूल?" ते म्हणाले. "कालिंदी, अगं तुला मी सांगायचं का हे? गादीपेक्षा वर कुणी बसत नाही. उद्या लोक म्हणतील, बुवांची बायको म्हणून सवलत."

"गादी उभ्या माणसाची आहे. स्टुलावर बसले तरी मी खालीच राहीन ना?"

"प्रश्न उंचीचा नाही, भावनेचा आहे." मग हसून म्हणाले, "देवाच्या दारात झिजलेले गुडघे आहेत हे. लोकांना असं भाग्य मिळत नाही."

हे वाक्य इतकं गोड म्हटलेलं होतं की तिला ते दोन दिवस खरंच भाग्य वाटलं. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना वाटायचं थांबलं. पण ऑपरेशन तिनं पुढं ढकललं. स्वरदाला सांगितलं, बघू. डॉक्टरांना सांगितलं, बघू. खरं म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतं. गुडघे हवे असतील तर बैठक सोडायची, बैठक हवी असेल तर गुडघे सोडायचे. आणि बैठक सोडली तर पंचवीस वर्षांत तिच्या नावावर असं दुसरं होतं काय? तिनं बैठक धरली. एक चैत्र गेला, दुसरा गेला.

खालच्या मजल्यावर रत्नमालाबाई राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा नाही, मुलगा हैदराबादला. त्यांनी दोन्ही गुडघे बदलून घेतले होते आणि रोज सकाळी बसनं विद्यापीठापर्यंत जाऊन मागच्या बुद्ध लेण्यांपर्यंत फिरून यायच्या. येताना कालिंदी जिन्यात कठड्याला लटकलेली दिसली की त्या तिथंच थांबायच्या. "कालिंदीताई, पायऱ्यांना नमस्कार करून झाला असंल तर चहाला या," म्हणायच्या. त्यांचं बोलणं असंच. आत बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं होतं: पहिला महिना रडायचा, दुसरा चिडायचा, तिसऱ्यात माणूस चालायला लागतो. फिजिओथेरपीवाली पोरगी गुडघा वाकवताना वैरीण वाटते, नंतर तिच्या लग्नात आहेर न्यावा वाटतो. जमिनीवर बसता येत नाही, हे मात्र खरं.

"मंग मी विहारात मागं खुर्ची टाकून बसते," त्या म्हणाल्या. "बुद्धाला काय बी अडचण नाय. तुमच्या देवाला हाय का?"

"देवाला नाही," कालिंदी म्हणाली.

"मंग कुणाला?"

कालिंदीनं चहा पिऊन टाकला.

मग तो चैत्र आला. रामनवमीचा उत्सव, एका मोठ्या देवस्थानात बुवांची ओळीनं कीर्तनं. पहिल्या दिवशी आरतीला सगळी सभा उभी राहिली आणि कालिंदीला उठताच येईना. उजवा पाय मांडीत अडकला तो सुटेना. ती हातानं पाय सोडवत होती, टाळ वाजत होते, आणि पुढच्या रांगेतल्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या होत्या. बुवांनी मागं वळून पाहिलं. मग सभेकडं तोंड करून, गादीवरून, मिश्कील आवाजात म्हणाले, "आमच्या मंडळींनी रामरायाशी आधीच ठरवून घेतलंय. आरती तुझी, बैठक माझी."

सभा हसली. वाईट मनानं नाही हसली. बुवांचा विनोद म्हणून हसली. कालिंदीही हसली. हसता हसता तिचे डोळे खाली गेले ते सतरंजीच्या पट्ट्यांवरच राहिले.

तेवढ्यात पलीकडून सखाराम सरकत आला. सखाराम म्हणजे बुवांचा तबलजी. दिवसा शिलाईचं दुकान, संध्याकाळी तबला, साठी केव्हाच उलटलेली. हा माणूस कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्यानं आपला खांदा तिच्यापुढं केला.

"वहिनी, टाका हात. मलाही एकट्याला उठता येत नाही. दोघं मिळून उठू."

दोघं मिळून उठले. दोघांनी गादीला पहिला नमस्कार केला. त्याचे गुडघे टेकताना वाजले ते तिला ऐकू आले, आणि तिचे त्याला.

दुसऱ्या दिवशी गुडघा एवढा सुजला की स्वरदा कामावर रजा टाकून आली आणि डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिलं आणि दोन दिवस मांडी घालायची नाही असं बजावलं. घरी येऊन कालिंदीनं बुवांना सांगितलं. तिला वाटलं होतं ते चिंतेत पडतील, आजचं कीर्तन कसं होणार म्हणतील. काय सांगावं, थोडं तसं व्हावं अशी तिची इच्छाही असेल. बुवा एवढंच म्हणाले, "तू आराम कर. मी बघतो."

संध्याकाळी तिला घरी बसवेना. कीर्तन चालू आहे आणि आपण घरात, असं कधी झालंच नव्हतं. रत्नमालाबाईंना म्हणाली, चला, आज तुम्हाला कीर्तन ऐकवते. त्या म्हणाल्या, मला चालतंय, गाणं चांगलं असलं की मी कुणाचं बी ऐकते. दोघी रिक्षानं गेल्या. मंडपात मागं म्हाताऱ्या माणसांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, तिथं बसल्या. पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचं निरूपण, सुरू झालेला होता.

कालिंदीनं सवयीनं आधी गादीच्या मागं पाहिलं, आपल्या जागेकडं.

तिथं स्टूल होतं.

चांगलं उंच, काळ्या गादीचं, गोल. त्यावर ऋतुराज नावाचा तिशीतला गृहस्थ बसला होता, जो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो आणि लग्नसराईत ज्याची तारीख मिळत नाही. समोर स्टँडवर कीबोर्ड. सतरंजी गुंडाळून बाजूला सारलेली, फक्त तबल्यापुरती तेवढी अंथरलेली. सखाराम खालीच होता. त्याचं डोकं ऋतुराजच्या गुडघ्याच्या उंचीला येत होतं.

रत्नमालाबाईंनीही ते पाहिलं. त्यांनी कालिंदीच्या हातावर हात ठेवला, म्हणजे तिनं कधीतरी चहावर सांगितलेली स्टुलाची गोष्ट त्यांच्या लक्षात होती.

मध्यंतरात बुवांना हार-बुक्का झाला. उत्तररंगात त्यांनी तेच आख्यान लावलं, मथुरेतल्या दासीचं. आणि पहिल्यांदाच कालिंदी ते समोरून ऐकत होती. खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या बोटांना ठिकठिकाणी पेटीच्या पट्ट्या सापडत होत्या. आता मान खाली जाईल. आता खांदा वर. देवानं पावलावर पाऊल ठेवलं. हनुवटीखाली दोन बोटं धरली. आता खांदे सैल पडतील, आता गळा दाटेल.

गळा दाटला. शब्द थांबला. आणि तिनं चेहरा पाहिला.

मंडपाच्या दाराशी उत्सवाचे प्रमुख पाहुणे नुकतेच येत होते. बुवांचा गळा दाटलेला होता आणि डोळे त्या पाहुण्यांवर होते. पुढची खुर्ची रिकामी आहे की नाही, कुणी त्यांना पुढं आणतंय की नाही, हे डोळे शांतपणे बघत होते. बघून झाल्यावर उपरण्याचं टोक डाव्या डोळ्याला लागलं. मागून ऋतुराजनं कीबोर्डावर एकदम व्हायोलिनांचा ताफा सोडला. लोकांना ते फार आवडलं. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आणि ऐका, इथं चुकायचं नाही. कालिंदी रडली. नवऱ्याचा चेहरा पाहूनही तिला आख्यानावरच रडू आलं. वाकलेल्या बाईला देव सरळ करतो, हे खोटं थोडंच आहे? सांगणाऱ्याचं लक्ष कुठंही असो, देवाची दोन बोटं हनुवटीखाली होतीच. शेजारी रत्नमालाबाईंनीही नाक ओढलं आणि म्हणाल्या, "आवाज लई चांगला हाय हो तुमच्या मालकांचा." त्यात टोमणा नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

घरी आल्यावर बुवा पगडी उतरवून ठेवत होते, तेव्हा तिनं विचारलं. भांडणाच्या सुरात नाही. भाजी कोणती आणली असं विचारावं तसं.

"स्टूल कुठून आणलं?"

"कुठलं? ते? देवस्थानच्या ऑफिसात होतं."

"गादीमागं चालतं का मग?"

बुवांना क्षणभर कळलं नाही, मग कळलं. "अगं, तो कीबोर्ड आहे. त्याला स्टँड लागतो. खाली बसून वाजत नाही तो."

"पेटीलाही स्टँड मिळतो. मी दाखवला होता."

"पेटीची गोष्ट वेगळी." पगडी त्यांनी पुन्हा एकदा नीट ठेवली. "आणि तो बाहेरचा माणूस आहे, कालिंदी. आयत्या वेळी धावून आला. त्याला कसं म्हणणार, खाली बस म्हणून? तू घरची आहेस."

एवढंच. याहून वाईट ते काही बोलले नाहीत, आणि याहून वाईट बोलायची गरजही नव्हती. तिच्या गुडघ्यांपुढं जी रीत लोखंडाच्या खांबासारखी उभी होती, ती एका उंच गोल स्टुलापुढं दुपारच्या दुपारी बाजूला सरली होती. नारदाची गादी तिच्या आड कधीच आली नव्हती. आड होतं ते तिचं घरची असणं. ज्या जागेसाठी तिनं उठणं-बसणं सोडलं, जिना सोडला, झोप सोडली, ती जागा तिच्यासाठी राखलेली नव्हतीच. कालिंदीला सतरंजीसारखं उचलून बाजूला ठेवायला एक दिवस पुरला.

ती "बरं" म्हणाली आणि पानं वाढली.

सकाळी बुवा पूजेला बसले असताना तिनं डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला आणि तारीख मागून घेतली. मग स्वरदाला सांगितलं. स्वरदा फोनवर म्हणाली, "बाबांना विचारलंस?"

"सांगेन," कालिंदी म्हणाली.

उन्हाळ्यात उजवा गुडघा झाला. ऑपरेशनच्या दिवशी बुवांचं लासूरला कीर्तन होतं. दिलेला शब्द मोडता येत नाही, असं ते म्हणाले, आणि गेले. बाहेर बाकावर स्वरदा बसली आणि रत्नमालाबाई घरून डबा घेऊन आल्या. लासूरच्या कीर्तनात बुवांनी सांगितलं म्हणे की आज पत्नी शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे आणि मी गादीवर आहे, कारण तिनंच मला पाठवलं. लोकांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी उभं राहून नमस्कार केला. माहेरच्या गावातली एक बाई भेटायला आली तिनं हे डोळे पुसत सांगितलं, आणि कालिंदी कॉटवर पडल्या पडल्या ऐकत राहिली. तिनं कुणालाही पाठवलं नव्हतं. पण हे त्या बाईला सांगून काय उपयोग? तिला रडायला चांगलं वाटत होतं.

दिवाळीच्या आत डावाही झाला. पहिला महिना रडली, दुसरा चिडली. अगदी रत्नमालाबाईंनी सांगितल्याबरहुकूम. वॉकर सुटला, काठी सुटली. थंडीत एका सकाळी ती सरळ, तोंड पुढं करून जिना उतरली आणि खालच्या दारावर टकटक केली. रत्नमालाबाईंनी तिला आपल्याबरोबर लेण्यांच्या वाटेनं नेलं, थोडंसंच. परत येताना म्हणाल्या, "ताई, आता पेटी टेबलावर ठिवून वाजवा की. मी ऐकायला हाय."

"बघू," कालिंदी म्हणाली. पेटी कपाटावर चढवून ठेवलेली होती, कापड घालून. हे मात्र सांगायला हवं, कारण नाहीतर तुम्ही म्हणाल की गोष्ट गोड झाली: ती अजूनही तिथंच आहे. गुडघे परत मिळाले. त्या पेटीवरचं मन परत बसवून द्यायचं ऑपरेशन अजून निघालेलं नाही.

पुढचा चैत्र जवळ आला तसे बुवा जरा तिच्याभोवती घुटमळायला लागले. जुने श्रोते त्यांना विचारत होते, बुवा, त्या जागी पूर्वी नुसता एक सूर लागायचा तो कुठं गेला? व्हायोलिनं ऐकून लोकांचे कान भरले होते, डोळे भरत नव्हते. शेवटी एका दुपारी ते म्हणाले, "ऋतुराजला नाही म्हणून सांगतो. आता तू ये. स्टूल आहेच, स्टँड मी आणतो. मी कुठं अडवतोय?"

कालिंदी गवार मोडत होती. खुर्चीवर बसून, टेबलावर.

"आणि सखारामभाऊंना?" तिनं विचारलं.

"सखारामचं काय?"

"त्यांनाही स्टूल देणार?"

"काहीतरीच काय. तबला कुठं स्टुलावर वाजतो? आणि सखाराम कधी काही म्हणालाय का?"

"नाही," ती म्हणाली. "मीही एकदाच म्हणाले होते." गवारीची मूठ संपवून मग म्हणाली, "मला नाही जमायचं. मी तुमची पाठ बघून वाजवायचे. आता मी समोरून पाहिलंय."

समोरून काय पाहिलं, हे बुवांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढं काहीतरी झालं असतं, पण त्यांनी पंचांग उघडलं.

रामनवमीला ती गेली, श्रोती म्हणून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. कीर्तन झालं, आरती झाली, ती सगळ्यांबरोबर सहज उभी राहिली. मग नमस्काराची रांग लागली. सगळे एकेक करून गुडघे टेकत होते, गादीपुढं डोकं ठेवत होते. तिची पाळी आली. बुवांनी सवयीनं पाऊल किंचित पुढं घेतलं. आजूबाजूला लोक बघत होते. बुवांची पत्नी बरी होऊन आली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि हा नमस्कार बघायला सगळे थांबले होते.

तिनं उभ्यानंच हात जोडले.

"डॉक्टरांनी गुडघे टेकू नका म्हणून सांगितलंय," ती म्हणाली, पहिल्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात.

बुवांनी पाऊल मागं घेतलं. हसले. "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हणाले, आणि आशीर्वादाला उचललेला हात मधेच बुक्क्याच्या वाटीकडं नेला. कमरेत वाकायला डॉक्टरांनी कधीच मनाई केली नव्हती. हे कालिंदीला ठाऊक होतं, मागं खुर्चीवर बसलेल्या रत्नमालाबाईंना ठाऊक होतं, आणि आता तुम्हाला ठाऊक आहे. गादीचा मान कमी झाला असं म्हणू नका. तिनं जोडलेले हात गादीलाच जोडलेले होते. फक्त तिथं उभ्या असलेल्या माणसापर्यंत ती आता वाकत नाही. देव हे समजून घेतो. तो वाकलेल्यांना सरळ करणारा आहे.

तर गोष्ट झाली. उठताना एक मागणं आहे. कालिंदीची काळजी करू नका, ती चालती-फिरती आहे, कडू झालेली आहे पण चालती-फिरती आहे. आठवण ठेवायची तर सखारामची ठेवा. त्या दिवशी सगळी सभा पांगली, दिवे मालवायला लागले, तरी तो तबल्याच्या पिशवीची दोरी बांधण्याच्या निमित्तानं खालीच बसून होता, कारण खांद्याला खांदा लावून उठायला आता शेजारी कुणी नव्हतं. कालिंदी मंडपाच्या दारातून परत फिरली आणि तिनं त्याला हात दिला, म्हणून तो उठला. सगळ्या कीर्तनांना ती नसते. तुम्ही असाल तिथं असा कुणी मागं खाली बसलेला दिसला, तर प्रसाद घेण्याआधी त्याची आठवण ठेवा.